दार वाजवल्यावर किती वेळ थांबायचं? एका संवादी ध्वनी-कलाकृतीचा प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

हे प्रकरण सहा आठवड्यांच्या एका रेसिडेन्सीतलं, म्हणजे कलाकारांनी एका ठिकाणी राहून काम करण्याच्या उपक्रमातलं आहे. जागा, संस्था आणि माणसं यांची नावं मुद्दाम गाळली आहेत. कामाला आम्ही दोघं होतो. तो ध्वनिकलाकार, आधीची बरीच वर्षं नाटकांचं ध्वनिसंयोजन केलेला. मी इलेक्ट्रॉनिक्स आणि प्रोग्रामिंगची बाजू पाहणारी. कागदावर कुठेच नाव नसलेले पण कामात पुरेपूर असलेले तिसरे म्हणजे तिथल्या कार्यशाळेत सुतारकाम पाहणारे दादा. शेवटी दोन दिवसांचा ओपन स्टुडिओ ठरलेला होता. पूर्ण कलाकृतीची अपेक्षा नव्हती, पण लोकांनी हात लावून पाहावा असा चालता प्रोटोटाइप हवा होता.

कल्पना त्याची. एक जुनं लाकडी दार, स्वतःच्या चौकटीसकट, खोलीच्या मधोमध उभं. मागे भिंत नाही, खोली नाही. कुणीही वळसा घालून पाहून यावं. तरीही त्यावर टकटक केली की पलीकडे कुणीतरी आहे असं वाटायला हवं. प्रस्तावात त्याने एकच ओळ ठळक केली होती: ‘माणसाने आपणहून दाराला कान लावला पाहिजे.’ ही ओळ इथे आधीच सांगते, कारण पुढचे तीन आठवडे आम्ही तिच्याकडे पाठ करून काम केलं.

साहित्य साधं होतं. टकटक ऐकायला २७ मिलिमीटरची पिएझो चकती. ती लाकडाला चिकटवली की लाकडाच्या कंपनांचं विजेत रूपांतर करते. आवाज काढायला दोन एक्सायटर, म्हणजे कागदी शंकू नसलेले स्पीकर. ते ज्या वस्तूवर बसवाल ती वस्तूच थरथरते आणि आवाज देते. वस्तूंना असं बोलतं करण्याची वाट जुनी आहे. अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्यूडर यांनी १९६८ पासून ती फार लांबवर नेली. आमच्या दाराच्या जाड पट्ट्या एक्सायटरला दाद देत नव्हत्या, पण त्यांच्यामध्ये बसवलेली पातळ पॅनेलं छान बोलत होती. कुठलं पॅनेल कसं बोलतं हे दादांनी बोटाने ठोकून अर्ध्या तासात सांगितलं. मी तेच सॉफ्टवेअरने तपासायला दिवस घालवला आणि त्यांच्याच उत्तरावर आले.

अडचण पहिली: उशीर

पहिल्या आठवड्यात जोडणी अशी होती: पिएझोचा सिग्नल मायक्रोकंट्रोलरमध्ये (एका चिपवरचा छोटा संगणक), तिथून यूएसबीने लॅपटॉपवर, लॅपटॉपवर प्युअर डेटा हे आवाजाचं प्रोग्रामिंग करायचं सॉफ्टवेअर, तिथून अॅम्प्लिफायर आणि एक्सायटर. टकटक केली की उत्तर यायचं, पण विस्कळीत वाटायचं. कधी पटकन, कधी रेंगाळून.

मोजण्याची रीत सोपी आहे. दारासमोर एक माइक ठेवायचा, टकटक आणि उत्तर एकाच ध्वनिमुद्रणात घ्यायचं आणि दोन शिखरांमधलं अंतर सॅम्पल, म्हणजे मुद्रणातली आवाजाची सुटी मोजमापं, मोजून काढायचं. आमचं अंतर ६० ते ११० मिलिसेकंदांच्या दरम्यान भटकत होतं. कारणं शोधली तेव्हा बहुतेक माझ्याच हातची निघाली. सिरियल जोडणीचा वेग मी ९६०० बॉडवर ठेवला होता. त्या वेगाला एक अक्षर पाठवायला सुमारे एक मिलिसेकंद लागतो आणि माझा प्रत्येक संदेश वीसेक अक्षरांचा होता. म्हणजे नुसतं ‘कुणीतरी टकटक केली’ हे कळवायला २० मिलिसेकंद. ऑडिओचा बफर, म्हणजे एका वेळी साठवून पुढे पाठवला जाणारा आवाजाचा तुकडा, १०२४ सॅम्पलचा; ४४,१०० च्या सॅम्पलिंग दराला त्याचे २३ मिलिसेकंद. शिवाय एकच ठोका दोनदा मोजला जाऊ नये म्हणून कोडमध्ये टाकलेला ठरावीक विराम.

मायक्रोकंट्रोलर मधून काढून टाकला आणि पिएझो थेट ऑडिओ इंटरफेसमध्ये (आवाज संगणकात नेणारी पेटी) घातला. इथे एक गोष्ट नव्याने काम करणाऱ्यांसाठी सविस्तर सांगते, कारण यात पुष्कळ लोक अडकतात. पिएझो साध्या लाइन इनपुटला लावली की आवाज पत्र्यासारखा, पोकळ येतो आणि दोष चकतीला दिला जातो. खरं कारण इनपुटचा रोध. चकतीची धारिता २० नॅनोफॅरड धरली आणि इनपुटचा रोध १० किलोओहम असला, तर सुमारे ८०० हर्ट्झच्या खालचं सगळं गळत जातं. दारावरच्या टकटकीचा बहुतेक जीव त्याच्याही खाली असतो. गिटारसाठी असलेल्या एक मेगाओहमच्या इनपुटला तीच चकती लावा. ही सीमा ८ हर्ट्झवर उतरते आणि दार एकदम भरदार ऐकू येतं.

ठोका ओळखायचं काम प्युअर डेटामधल्याच ‘बाँक’ या ऑब्जेक्टकडे दिलं, बफर शक्य तितका खाली आणला. अंतर १२ मिलिसेकंदांवर आलं आणि तिथेच स्थिर राहिलं. चार मीटरवरून आवाज कानापर्यंत यायला साधारण एवढाच वेळ लागतो. मला त्या संध्याकाळी फार समाधान वाटलं होतं.

अडचण दुसरी: दार स्वतःलाच उत्तर देतं

दुसऱ्या दिवशी आवाज थोडा वाढवला आणि दार थांबेचना. एक्सायटर लाकूड हलवत होता, पिएझो त्याच लाकडाला चिकटलेली होती. दाराचं उत्तर दारालाच नवी टकटक वाटत होतं आणि त्याला पुन्हा उत्तर जात होतं. वायर ओढेपर्यंत ते बोलत राहिलं.

जीभ आणि कान एकाच फळीवर असण्याची ही अडचण होती, आणि ती दारापुरती नाही. ज्या कुठल्या वस्तूला ऐकतं आणि बोलतं दोन्ही करायचं असेल, तिथे ती येतेच.

समोरचे मार्ग

पहिला मार्ग सर्वात सोपा: दार बोलत असताना त्याचा कान बंद ठेवायचा. किंमत उघड होती. उत्तर चार सेकंदांचं असलं तर चार सेकंद दार बहिरं. मध्ये कुणी टकटक केली तर त्याला वाटणार, बिघडलं.

दुसरा मार्ग दादांनी सुचवला. टकटकीसाठी कडीजवळ एक वेगळी लाकडी फळी बसवायची, तिच्या आणि दाराच्या मध्ये जाड नमदा, आणि पिएझो फक्त त्या फळीवर. आम्ही करूनही पाहिलं आणि कंपनं खरोखरच बरीच तुटली. पण माणसं आपल्या उंचीप्रमाणे, सवयीप्रमाणे कुठेही टकटक करतात. ‘इथेच वाजवा’ असं सांगणारी फळी दिसली की दाराचं यंत्र होतं, असं कलाकाराचं म्हणणं. मला ते पटलं.

तिसरा मार्ग वजाबाकीचा. दारातून आपण काय वाजवतोय हे आपल्याला आधीच ठाऊक असतं. ते लाकडातून पिएझोपर्यंत पोचताना कसं बदलतं याचा अंदाज बांधायचा आणि ऐकलेल्यातून ते वजा करायचं. फोन स्पीकरवर ठेवून बोलताना समोरच्याला स्वतःचा आवाज परत ऐकू येत नाही, तो याच तत्त्वामुळे. यात मी चार दिवस घातले. शांत खोलीत बरं चालायचं. पण कुणी दाराला हात टेकला की लाकडाची कंपनं बदलायची, अंदाज चुकायचा. एक्सायटर जोरात चालला की तो आवाजात स्वतःची भर घालायचा आणि ती भर वजा होईना. दुसऱ्याच दिवशी हे दिसलं होतं. तरी मी आणखी दोन दिवस रेटलं, कारण प्रश्न सुटण्याजोगा वाटत होता आणि सोडवायला मजा येत होती. सहा आठवड्यांच्या कामात चार दिवस ही फार मोठी रक्कम आहे.

चौथा मार्ग वारंवारतेचे पट्टे वाटून देण्याचा: दार फक्त २५० हर्ट्झच्या वरच बोलेल, आणि कान १५० हर्ट्झच्या खालीच ऐकेल. तांत्रिकदृष्ट्या नीटस. पण उत्तरातून खालचे स्वर कापले की पावलांचं वजन गेलं. ‘याला छातीच नाही,’ एवढंच तो म्हणाला.

तिसऱ्या आठवड्याच्या मध्यावर आम्ही पहिला मार्ग घेतला. थकून घेतला, हे नोंदवायला हवं.

पहिली चाचणी

रेसिडेन्सीतल्या इतर पाच जणांना एकेक करून बोलावलं. काहीही सांगितलं नाही, फक्त दारासमोर उभं केलं.

पाचही जणांनी जवळपास एकच केलं. एकदा टकटक, लगेच आवाज, चेहऱ्यावर हसू. मग वेगवेगळ्या ठिकाणी टकटक, मग दोन्ही हातांनी ताल. मध्ये दार गप्प राहिलं की आणखी जोरात. शेवटी मागे जाऊन स्पीकर शोधणं, वायर पाहणं आणि ‘छान आहे, सेन्सर कुठला वापरलाय?’ कान कुणीही लावला नाही.

त्या रात्री मी मार्गांच्या यादीत नवे मार्ग घालत होते. दोन पिएझो घेऊन आवाज कुठून आला ते ओळखायचं का, आवाजांचा साठा वाढवायचा का. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, “उद्या सगळं बंद ठेव. मी दारामागे उभा राहतो.”

निर्णयाचा क्षण: दारामागे माणूस

प्रकरणाचा सांधा इथे आहे. दाराच्या मागे काळा पडदा लावला, तो पडद्याआड उभा राहिला. वायर नाही, लॅपटॉप नाही. फक्त त्याच्या हाताची बोटं, पायातले बूट आणि दाराची कडी. नवे चार जण बोलावले. एका माइकने सगळं मुद्रित केलं.

पहिल्याच व्यक्तीने तीन वेळा टकटक केली. काही झालं नाही. ती थांबली. पलीकडे एक पाऊल वाजलं, मग दुसरं. तिने पुन्हा टकटक केली, आणि पावलं जागच्या जागी थांबली. ती हळूहळू पुढे झुकली आणि तिने कान दाराला लावला.

चारपैकी तिघांनी कान लावला.

रात्री ध्वनिमुद्रण उघडून मोजलं. टकटक आणि त्याचं उत्तर यांत कुठेच एक सेकंदाच्या खूप आत अंतर नव्हतं. बहुतेक वेळा दीड-दोन सेकंद. समोरासमोरच्या बोलण्यात माणसं याहून कितीतरी झटपट असतात. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दहा भाषांच्या एका तुलनेत एकाचं बोलणं संपून दुसऱ्याचं सुरू होईपर्यंतचा सरासरी विराम २०० मिलिसेकंदांच्या आसपास आढळला होता. पण दारामागचा माणूस समोर नसतो. त्याला उठायचं असतं, चालत यायचं असतं, उघडावं की नाही ते ठरवायचं असतं. तेवढा वेळ गेला की पलीकडे खोली उभी राहते. १२ मिलिसेकंदांत आलेल्या उत्तरामागे जागाच नव्हती. ते उत्तर लाकडाच्या पृष्ठभागावरच घडत होतं.

मला हे पचवायला वेळ लागला. मी इतकी खटपट करून घालवलेला उशीर आता मुद्दाम परत आणायचा होता. मात्र पहिल्या आठवड्यातला उशीर आणि हा उशीर एक नव्हेत. तो भटकता होता, यंत्राच्या सोयीने येत होता. आता हवा होता तो आमच्या ताब्यातला, कमीजास्त करता येणारा विराम. आणि खालची यंत्रणा १२ मिलिसेकंदांवर स्थिर नसती तर तसा विराम रचताच आला नसता. म्हणून ते काम वाया गेलं असं मी मानत नाही. त्याचा क्रम चुकला, असं मानते.

काय केलं

मुद्रणातली दुसरी गोष्ट तितकीच मोलाची निघाली. मध्येच टकटक झाली की तो थांबत होता. सर्वात गाढ परिणाम त्या थांबण्याचा होता. म्हणजे दार बोलत असताना त्याचा कान उघडा असणं आता अनिवार्य झालं, आणि आम्ही पुन्हा जुन्याच अडचणीपाशी आलो.

या वेळी उत्तर ध्वनीच्या निवडीतून सुटलं. आधीच्या साठ्यात श्वास, कुजबुज, खुर्ची सरकणं, दूरचं गाणं असे लांब, सलग आवाज होते. ते सगळे काढले. फक्त पावलं, कडीचा आवाज आणि बोटांची टकटक ठेवली: तुटक आवाज, मध्ये रिकामी जागा असलेले. माणूस मिनिटाला साधारण १०० ते १२० पावलं टाकतो, म्हणजे दोन पावलांत ५०० ते ६०० मिलिसेकंद. पावलाचा आवाज आणि त्यानंतर लाकूड शांत होणं यात आमच्या दारावर २५० मिलिसेकंद जात होते. उरलेले २५० ते ३५० मिलिसेकंद कान उघडा ठेवता येत होता. कुणी तीनदा टकटक केली तर तिला साधारण अर्धा सेकंद लागतो. कान सलग २५० मिलिसेकंदांपेक्षा जास्त बंद नसतो, त्यामुळे तीनपैकी एक तरी ठोका उघड्या कानावर पडतोच. वजाबाकी नको, पट्टे वाटणं नको. पावलांचा जडपणाही शाबूत राहिला.

नियम चारच ठेवले. टकटक थांबल्यावर एक ते दोन सेकंद शांतता. मग पावलं, दूरून जवळ. मध्ये टकटक झाली तर पावलं थांबणार, आणि पुढचे पाच सेकंद काहीही वाजणार नाही. त्या पाच सेकंदांत कुणी काहीच केलं नाही, तर अगदी हलकी, कान लावल्याशिवाय ऐकू येणार नाही अशी एक टकटक आतून.

शेवटच्या नियमावर आमचं एकमत लगेच झालं. ती टकटक किती हलकी असावी यावर दोन दिवस गेले.

ओपन स्टुडिओचे दोन दिवस

पहिल्या दिवशी सकाळीच कळलं की रिकाम्या खोलीत बसवलेलं संतुलन गर्दीत टिकत नाही. शेजारच्या खोलीतलं खरं दार आपटलं की जमिनीतून येणारा धक्का आमच्या दाराला टकटक वाटायचा. चौकटीखाली रबराचे तुकडे घातल्यावर हे बरंच कमी झालं. दुपारी एका मुलाने तळहाताने दणके दिले आणि उजवीकडच्या वरच्या पॅनेलचा एक्सायटर सुटून खाली आला. तो एक्सायटरसोबत आलेल्या चिकटपट्टीवरच बसवला होता. पॉलिश केलेल्या लाकडावर ती पट्टी टिकत नाही. दादांनी लाकडी आडपट्टी करून स्क्रूने घट्ट बसवून दिला. त्या अर्ध्या तासात दार मुकं होतं, आणि तेव्हाही दोघं जण टकटक करून, थांबून, कान लावून गेले.

मोठी अडचण वेगळी होती. दोन सेकंद थांबायला प्रत्येकजण तयार नसतो, विशेषतः मागे चार जण उभे असताना. एकदा टकटक करायची, काही वाजलं नाही की संकोचून बाजूला व्हायचं, असे बरेच जण दिसले. संध्याकाळी मी सुचवलं की टकटक झाल्यावर अर्ध्या सेकंदात आत काहीतरी हलल्याचा एक बारीक आवाज द्यावा. ऐकलं गेलंय एवढं कळावं, मग खुशाल थांबावं. त्याचा विरोध होता. त्याच्या मते ‘ऐकलं गेलं की नाही’ हा संशयच माणसाला कानापर्यंत नेतो. शेवटी दुसऱ्या दिवशी माझी रीत करून पाहायचं ठरलं.

दुसऱ्या दिवशी निघून जाणारे कमी झाले. कान लावणारेही कमी झाले, असं आम्हा दोघांनाही वाटलं. दोन्ही दिवसांची गर्दी सारखी नव्हती आणि आम्ही नीट मोजणीही ठेवली नाही, म्हणून यावर निकाल देता येत नाही. आमचं एकमत अजून झालेलं नाही.

पुन्हा करायचं झालं तर

पडद्यामागचा माणूस पहिल्या आठवड्यात, पहिली वायर जोडण्याआधी. त्याला लागतो एक पडदा आणि एक दुपार. आम्ही ते केलं नाही, कारण रेसिडेन्सी ‘तंत्रज्ञान आणि कला’ अशा नावाखाली होती आणि दोघांनाही आपापलं कौशल्य लवकर दाखवायची घाई होती. त्याने आवाजांचा साठा जमवला, मी लेटन्सी, म्हणजे यंत्रणेतला उशीर, कमी केली; दोन्ही कामं चोख झाली आणि एकमेकांना भेटली नाहीत.

वजाबाकीच्या मार्गाला मी आधीच मुदत घालून घेतली असती. दोन दिवसांत टेकलेला हात सहन झाला नाही तर सोडायचं, असं लिहून भिंतीवर लावलं असतं.

चाचणीत आवाज ऐकण्याइतकंच माणसाचं शरीर पाहायला हवं होतं. पहिल्या चाचणीच्या माझ्या नोंदी सगळ्या दाराबद्दल आहेत: थ्रेशोल्ड (ठोका धरायची किमान पातळी) किती, किती ठोके चुकले. माणूस कुठे उभा होता, वजन कुठल्या पायावर होतं, पुढे झुकला का, यातलं काहीच नाही.

आणि एक गोष्ट आम्ही विचारातच घेतली नव्हती. दुसऱ्या दिवशी दुपारी एक बाई आल्या. त्यांनी टकटक केली, श्रवणयंत्र काढून खिशात ठेवलं आणि दोन्ही तळहात दारावर सपाट टेकवले. बराच वेळ तशाच उभ्या होत्या. मग मला म्हणाल्या, “दुसरं पाऊल हरवतं.” मला वाटलं, आवाज कमी पडतोय. त्या म्हणाल्या, “नाही, डावं कळतं. उजवं कळत नाही.”

त्वचेला २५० हर्ट्झच्या आसपासचं कंपन सर्वात चांगलं जाणवतं. चौथा मार्ग घेतला असता तर दाराचं बोलणं बरोबर तिथूनच कापलं गेलं असतं, हे मला तेव्हा लक्षात आलं. लोक गेल्यावर मी डोळे मिटून तळहात टेकवून पाहिलं. त्यांचं बरोबर होतं. उजवा एक्सायटर दुरुस्तीत हातभर खाली सरकला होता आणि आडपट्टीचं एक टोक जाड पट्टीला टेकलेलं होतं. कानाला फरक कळत नव्हता. दादांना बोलावलं, आडपट्टी कापली, एक्सायटर पॅनेलच्या मध्यावर, साधारण छातीच्या उंचीला आणला. पुढच्या आवृत्तीच्या आराखड्यात दोन्ही एक्सायटरच्या जागा आता तळहात जिथे टेकतो तिथून मोजलेल्या आहेत.